डनवॉलचा भोंगा : ‘डिसऑनर्ड’मधला हिरम बरोज आणि २०२०चं आपलं गाव

तापीकाठचा | शुक्रवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं, आज लिहूनच टाकतो. ‘डिसऑनर्ड’ ज्यांना अजून खेळायचाय त्यांनी इथेच थांबा, सगळी कथा फोडणार आहे.

गेम २०१२चा, आर्केन स्टुडिओजचा. मी तो खेळलो २०२०च्या नोव्हेंबरमध्ये, चोपडा तालुक्यातल्या आमच्या घरी. हरभऱ्याला पाणी भरायचं होतं आणि शेतीची लाइट रात्रीची. बारानंतर मोटर चालू करायची, तोवर जागायचं म्हणून पुतण्याच्या कॉम्प्युटरवर बसायचो. मोठी आई जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. त्याबद्दल पुढे लिहितो.

ज्यांना गेम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डनवॉल नावाचं जुन्या लंडनसारखं शहर, व्हेलच्या तेलावर चालणारं. शहरात उंदरांची साथ आलीये. रोग्यांच्या डोळ्यांतून रक्त वाहतं, त्यांना तिथे ‘वीपर’ म्हणतात. महाराणी जेसमिनचा खून होतो आणि आळ येतो तिच्याच अंगरक्षकावर, कॉर्व्होवर. हा कॉर्व्हो म्हणजे आपण. तो नुकताच दुसऱ्या बेटांकडे साथीसाठी मदत मागून परत आलेला असतो. राणी गेल्यावर लॉर्ड रीजंट होऊन कारभार हातात घेतो हिरम बरोज, जो आधी हेरखात्याचा प्रमुख होता.

त्यानंतर शहरभर लाउडस्पीकर. गल्ली कुठलीही असो, आवाज येतोच. संचारबंदी, नवे हुकूम, कॉर्व्हो खुनी आहे, त्याला पकडून द्या. भिंतींवर त्याचे इनाम लावलेले कागद. अर्धी घरं सील, मढी गाडीतून नेऊन पाण्याखाली गेलेल्या वस्तीत टाकतात. पहिल्यांदा खेळताना भोंग्याकडे लक्ष जात नाही, पहारेकऱ्यांपासून लपण्यातच सगळा जीव असतो.

मग गोष्ट डनवॉल टॉवरपर्यंत येते. तिथे बरोजला मारून टाकता येतं, पण दुसरीही एक वाट आहे. प्रसारण खोलीतल्या प्रचार अधिकाऱ्याला गाठलं की तोच सांगतो, लॉर्ड रीजंटच्या तिजोरीत त्याच्याच आवाजातली कबुली आहे. ती आणायची आणि त्याच भोंग्यावर लावायची. ज्या आवाजाने सहा महिने शहराला धाकात ठेवलं तोच आवाज सांगतो की उंदीर मीच आणवले. लांबच्या पँडिशिया खंडातून, मुद्दाम, गरिबांच्या वस्त्या साफ करायला. उंदीर आवाक्याबाहेर वाढले, साथ सगळ्यांनाच लागली, राणीला संशय आला म्हणून तिलाही मारवलं. या सगळ्यात पश्चात्तापाचा एक शब्द नाही. त्याला वाटतं योजना बरोबरच होती, उंदरांनी घात केला. कबुली वाजली की त्याचेच शिपाई त्याला धरतात.

मी खेळ थांबवून ओट्यावर येऊन बसलो. मोटर चालू करायची वेळ होऊन गेली तरी उठलो नाही.

आता मोठ्या आईचं. २०२०च्या सप्टेंबरमध्ये गावात रोज कुणी ना कुणी आजारी. ग्रामपंचायतीचा भोंगा सकाळ-संध्याकाळ सांगायचा, ताप अंगावर काढू नका, तपासून घ्या. त्याच आठवड्यात फोनवर एक क्लिप फिरत होती, दोन मिनिटांची. माझ्याकडे अजून आहे. पुसवत नाही, ऐकवतही नाही. पण मी ती एकदा वाक्यावाक्याने कागदावर उतरवून काढलीये, म्हणून सांगू शकतो.

आवाज पुरुषाचा, भाषा आपल्याच भागातली. सुरुवात करतो, ‘भावांनो, दवाखान्यात नेलं की घरच्यांना आत सोडत नाहीत.’ खरं होतं ते. मग म्हणतो, ‘मेल्यावर तोंड दाखवत नाहीत, प्लास्टिकमध्ये गुंडाळतात.’ तेही खरं. ‘मातीला वीस माणसं.’ खरं. ‘मढं घरी देत नाहीत, तिकडेच उरकतात.’ तेव्हा तेही बऱ्याच ठिकाणी खरंच होतं. इथपर्यंत दीड मिनिट होतं, आणि ऐकणारा प्रत्येक वाक्याला मान हलवत आलेला असतो. मग आवाज खाली आणून तो विचारतो, ‘तुम्हीच विचार करा, प्लास्टिक कशाला?’ जरा थांबतो आणि म्हणतो, ‘आत किडनी नसते म्हणून.’

मोठ्या आईने तीन दिवस ताप लपवला. किराणा दुकानातून पोराकरवी गोळ्या आणवल्या, पदराने तोंड झाकून खोकायची. भोंगा वाजला की म्हणायची, ‘तो बी त्यासनाच माणूस शे.’ चौथ्या दिवशी ओठ निळे पडले तेव्हा आम्ही उचलून नेली. बोटाला मशीन लावलं तर बासष्ट. डॉक्टर, नर्स सगळे धावले, त्यांचा काही दोष नाही. सहाव्या दिवशी गेली.

म्हणून मला बरोजचा सगळ्यात मोठा गुन्हा उंदीर वाटत नाही. त्याने भोंगा नासवला. साथीत माणसाला जिवंत ठेवणाऱ्या सूचना ज्या तोंडून येतात त्याच तोंडून त्याने खोटं सांगितलं. मग लोक दोन्ही ऐकेनासे होतात. तुम्हाला काय वाटतं? आणि साथीतल्या प्रचारावरचे असे आणखी खलनायक कुठल्या गेममध्ये पाहिलेत?

भरीतपुरी | शुक्रवार, रात्री ११:४२

भाऊ, वाचून सुन्न झालो. आमच्या यावलकडेही हीच क्लिप आली होती. आवाज तोच, ‘तुम्हीच विचार करा’ म्हणणारा.

रात्रपाळी | शनिवार, पहाटे १:२०

तापीकाठचा भाऊ, आधी मोठ्या आईंना नमस्कार.

गेम मी तीनदा पूर्ण केलाय, एकदा कुणालाही न मारता. तुम्ही भोंग्याबद्दल लिहिलं म्हणून एक गोष्ट जोडतो. गेममध्ये कॉर्व्होच्या हातात एक काळीज येतं. यंत्र बसवलेलं, धडधडणारं, महाराणीचंच ते काळीज असतं. कुणाकडेही धरलं की ते हळू आवाजात त्या माणसाबद्दल खरं सांगतं. या शिपायाने काय केलंय, ही मोलकरीण कुणासाठी रडते. भोंगा सगळ्या शहराला एकदम ओरडून खोटं सांगतो आणि काळीज एकट्याच्या कानात कुजबुजून खरं सांगतं. बनवणाऱ्यांनी हे ठरवून केलं असावं असं मला वाटतं. शिवाय काळजाचं ऐकायचं तर माणसाजवळ जाऊन थांबावं लागतं.

दुसरं, बरोज गेल्यावर गोष्ट संपत नाही, हे तुम्ही लिहिलं नाही. त्याला पाडायला कॉर्व्होला ज्यांनी मदत केली ते हॅव्हलॉक, मार्टिन आणि पेंडल्टन त्याच रात्री कॉर्व्होला विष देतात. होडीवाला सॅम्युएल अर्धंच विष घालतो म्हणून तो वाचतो. मग राजकन्या एमिलीला पुढे करून हॅव्हलॉक स्वतः रीजंट. पहिल्यांदा खेळलो तेव्हा कबुली भोंग्यावर लागली आणि मला वाटलं जिंकलो. सत्य बाहेर आलं, पण खुर्ची तिथेच होती आणि भोंगाही तिथेच होता.

इतर गेम विचारलेत तर २००० सालचा ‘डिउस एक्स’. त्यात ‘ग्रे डेथ’ नावाची साथ, लस अँब्रोजिया, ती फक्त वरच्यांना. लस पळवणाऱ्यांना अतिरेकी म्हणून दाखवतात आणि आपण सुरुवातीला सरकारी एजंट म्हणून त्यांनाच मारत सुटतो. साथीमागे बॉब पेज आहे हे बऱ्याच उशिरा कळतं. तिथे खोटा प्रचार ऐकणारा बाहेरचा कुणी नसतो, खेळणाराच फसलेला असतो. तो धक्का मला बरोजपेक्षा मोठा वाटला होता.

खडूफळा | शनिवार, सकाळी ९:०५

मी जळगावात शिकवते, गेम भाच्याने खेळताना शेजारी बसून पाहिलाय. मला थोडं वेगळं म्हणायचंय, दादा रागावणार नाहीत अशी आशा आहे.

बरोज प्रचारात तसा कच्चाच आहे. त्याच्या भोंग्यावर शहरात मनापासून विश्वास ठेवणारं कुणी मला दिसलं नाही. शिपाई कुरकुरतात, लोक घाबरून गप्प बसतात. त्याचं सगळं धाकावर चालतं, म्हणून कबुली लागली की तासाभरात त्याचे लोक त्याला सोडतात. विश्वास नव्हताच, तो तुटणार कुठून?

तुम्ही लिहिलेली क्लिप मात्र वेगळ्याच ताकदीची आहे. तिच्यामागे शिपाई नाही, हुकूम नाही, इनाम नाही. ‘भावांनो’ म्हणून सुरुवात, आधी आपलं दुःख मोजून दाखवायचं, मग शेवटचं वाक्य स्वतः सांगायच्या आधी ‘तुम्हीच विचार करा’. ऐकणाऱ्याला वाटतं हे मला सुचलं. मोठ्या आईंना तो आवाज घरचा वाटला असणार आणि भोंगा परका. खरा कसबी तो होता. त्याला नाव नाही, चेहरा नाही, तिजोरी नाही, म्हणून कुणाची कबुली लावावी हेही कळत नाही.

तापीकाठचा | शनिवार, सकाळी ९:५०

ताई, रागावायचं काय त्यात. मी क्लिप उतरवून काढली तेव्हा मलाही हेच दिसलं होतं, मला शब्दांत मांडता आलं नाही. घरचा आवाज, बरोबर. मोठी आई म्हणायचीसुद्धा, ‘आपला पोरगा सांगी ऱ्हायना.’

नवापूरकर | शनिवार, दुपारी २:३०

भोंगा नासवण्याचा मुद्दा मी जगलोय, म्हणून लांब लिहितो.

नवापूरला आमची लेयरची, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांची शेड. भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो आमच्याकडे, २००६च्या फेब्रुवारीत. मी तेव्हा शाळेत. पांढरे सूट घातलेली माणसं आली, पक्षी मारून जेसीबीच्या खड्ड्यात टाकले, वर चुना. वडील खड्ड्याच्या काठावर उभे होते, त्यांना बाजूला करायला दोन माणसं लागली. पण साथ खरी होती. प्रयोगशाळेचा रिपोर्ट होता, जे केलं ते करणं भागच होतं, आणि नुकसानभरपाईही मिळाली. वडील पुन्हा उभे राहिले.

मग २०२०. फेब्रुवारी-मार्चमध्ये फोटो फिरायला लागले, कोंबडीच्या अंगावर लाल ठिपके आणि खाली लिहिलेलं, ‘कोरोनाची कोंबडी, पुढे पाठवा’. आपल्याकडे तेव्हा रोगी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पशुसंवर्धनवाले सांगत होते, कोंबडी-अंड्यातून कोरोना होत नाही. कुणी ऐकलं नाही. अंडं दीड-दोन रुपयालाही जाईना आणि पक्ष्यांना खाद्य तर रोज लागतं. एक दिवस खाद्य संपलं. वडिलांनी स्वतः जेसीबी बोलावला आणि जिवंत, धडधाकट पक्षी पुरले. त्या वेळी ना सूट, ना रिपोर्ट, ना भरपाई. मी शेडमधून पक्षी आणून देत होतो. त्यांचं अंग गरम लागतं हाताला.

खरा मुद्दा पुढे आहे. २०२१च्या फेब्रुवारीत नवापूरला पुन्हा बर्ड फ्लू आला. खरा, तपासणीत सापडलेला. सरकारी माणूस दारात आला तर वडील म्हणाले, ‘मागच्या वर्षी पण हेच होतं ना, नंतर काही निघालं नाही.’ फोटोवाल्या अफवेत आणि सरकारी रिपोर्टमध्ये त्यांना फरकच राहिला नव्हता. शेडचं दार उघडायला तयार नव्हते. रोगी पक्षी हातात धरून बसले होते, हातमोजे नाहीत. काकाने हातापाया पडून दार उघडवलं.

माझे वडील अडाणी नाहीत, कॉलेज शिकलेत. एका वर्षात त्यांना खोट्यानेही बुडवलं आणि खऱ्यानेही, तर माणसाने कशावर भरवसा ठेवायचा?

जुनी पेटी | शनिवार, रात्री ८:१५

वय झालंय, गेम खेळत नाही. नातवाने धागा वाचून दाखवला. मुक्काम अमळनेर.

किडनीची गोष्ट ऐकून मला धक्का बसला, कारण ही जुनी अफवा नवे कपडे घालून आलीये. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, मांडवीत. तेव्हा लोकांत पसरलं होतं की दवाखान्यात रोग्याला उलटं टांगून त्याच्या डोक्यातून ‘मोमिआई’ नावाचं औषधी तेल काढतात. ऑक्टोबर १८९६मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या दवाखान्यावर हल्ला केला होता. हाफकिन साहेबांनी जानेवारी १८९७मध्ये प्लेगची लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली, तरी लोक तिला भीत. तेव्हा तेल होतं, आता किडनी झाली.

पण मी लोकांना मूर्ख म्हणणार नाही. १८९७च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा आला (२०२०च्या मार्चमध्ये महाराष्ट्रात लागू केला तो हाच). त्याच्या जोरावर सोजीर घरात घुसत, देव्हाऱ्यापर्यंत जात, बायकांची काख-जांघ तपासत, सामान जाळत. पुण्यात त्यातूनच रँडचा खून झाला. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता गेल्या. सरकार एका हाताने औषध देत होतं आणि दुसऱ्या हाताने इज्जत काढत होतं. असं झालं की मोमिआई खरी वाटायला वेळ लागत नाही. नातू सांगतो त्या गेममध्येही राजवैद्य सोकोलोव्ह माणसांवर प्रयोग करतो म्हणे. तिथल्या लोकांनी अफवा उठवली तर ती निम्मी खरीच ठरेल.

माझी आजी सांगायची, प्लेगात गाव ओस पडायचं. सगळी माणसं शेतात झोपड्या टाकून राहायची, उंदीर पडला की निघायचं. तो उंदीर मात्र खरं सांगायचा. घरात मेलेला उंदीर दिसला की कुणाच्या भोंग्याची वाट पाहायची नाही, पोरं उचलायची आणि निघायचं. इथे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवायचा प्रश्नच नव्हता. कोरोना डोळ्यांना दिसत नव्हता, सगळं कुणीतरी सांगितलेलंच मानायचं होतं.

रात्रपाळी | शनिवार, रात्री ९:००

बाबा, उंदराचं हे माझ्या डोक्यात कधीच आलं नसतं. डनवॉलमध्येही उंदीर दिसतात, आणि जेवढी माणसं आपण मारू तेवढे उंदीर आणि वीपर वाढतात. तिथे भोंगा काहीही सांगो, रस्ता खरं सांगतो.

मी धुळ्याचा, म्हणून एक जड गोष्ट लिहितोच. साथ नसतानाही हे घडलंय. १ जुलै २०१८, साक्री तालुक्यातलं राईनपाडा. रविवार, बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज गावोगाव फिरत होते. भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाच चॅटमध्येच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. पाच माणसं गेल्यावर. खडूफळा ताई म्हणतात तसा तिथेही चेहरा नव्हता. मेसेज कुणी बनवला याच्याशी तो पुढे पाठवणाऱ्या कुणालाच घेणं नव्हतं.

पाड्यावरची | रविवार, सकाळी ७:४०

मी आरोग्यसेविका, धडगाव भागात. ड्यूटीवर निघायच्या आधी लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

२०२१च्या मे महिन्यात आमच्या पाड्यांवर लस घ्यायला कुणी येईना. तेव्हा एका नोबेल मिळालेल्या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावाने मेसेज फिरत होता की लस घेणारे दोन वर्षांत मरणार. तो असं बोललाच नव्हता, सरकारने खुलासाही केला. पण खुलासा मराठीत आणि हिंदीत. माझ्या पाड्यावरची म्हातारी पावरी बोलते. आमची लाउडस्पीकरची गाडी रस्ता असेल तिथपर्यंत जायची, मराठीत सांगून परत यायची. पुढचे दोन-तीन डोंगर पायी. तिथे कामावरून सुरतेहून आलेल्या पोरांच्या मोबाइलमधली क्लिप आमच्या आधी पोचलेली, तीही त्यांच्या बोलीत.

तर वर जे ‘भोंगा नासला’ म्हणतात, त्यात एवढंच सांगते की आमच्याकडे भोंगा नासायला मुळात पोचलेलाच नव्हता.

शेवटी काय कामाला आलं ते सांगते. एका पाड्यावर मी चौथ्यांदा गेले, पेटी घेऊन, लस दुपारपर्यंतच टिकणार. गावचा पुजारा मोहाच्या झाडाखाली बसला होता. मला म्हणाला, तू घेतली का? म्हटलं, घेतली, जानेवारीतच. म्हणाला, दाखव. मी बाही वर केली. खूण कसली दिसणार? मग मी सांगितलं की मला दोन दिवस ताप आला होता, हात दुखला, भाकरी थापता येईना. बरोबरच्या बाईंनी मला डोळ्यांनी खुणावलं, हे कशाला सांगते, आता कुणीच घेणार नाही. पुजारा जरा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, बाकीचे येतात ते सांगतात काहीच होत नाही. त्याने सदरा काढला. त्या दिवशी तेवीस जणांनी घेतली.

खडूफळा | रविवार, सकाळी १०:३०

पाड्यावरची ताई, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. त्रास होईल तेही सांगितलंत म्हणून बाकीचं पटलं.

मला माझ्या वर्गातलं सांगायचंय. केंब्रिज विद्यापीठाच्या लोकांनी २०२०च्या ऑक्टोबरमध्ये ‘गो व्हायरल’ नावाचा पाच मिनिटांचा गेम काढला. त्यात आपणच साथीतली खोटी बातमी पसरवणारे होतो. भीतीचे शब्द वापरायचे, खोटा तज्ज्ञ उभा करायचा, कटाची गोष्ट रचायची, लाइक गोळा करायचे. यामागची कल्पना लसीसारखीच आहे. खोट्याचा थोडा, कमजोर केलेला डोस आधी मिळाला की खरा हल्ला आल्यावर ओळखता येतो. मॅग्वायर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात ती मांडली.

मी हेच नववीच्या वर्गात कागदावर केलं. विषय निरुपद्रवी दिला, शाळेच्या टाकीतलं पाणी. म्हटलं, पाणी प्यायल्याने केस गळतात अशी अफवा बनवा, फक्त वर्गात वाचायची, बाहेर न्यायची नाही. बहुतेकांनी ‘सावधान सावधान’ लिहिलं. मागच्या बाकावरची एक मुलगी, एरवी तोंड उघडत नाही. तिने लिहिलं : ‘टाकी गेल्या महिन्यात धुतली. धुताना पावडर टाकली. पावडरीचा वास दोन दिवस येत होता. तुमच्या कंगव्यात बघा.’ पहिली तिन्ही वाक्यं खरी होती. मधल्या सुट्टीत चार मुलींनी कंगवे काढून पाहिले. कंगव्यात केस असतातच.

मग ती मुलगी घाबरली. मला म्हणाली, मॅडम, मी त्यांना सांगितलं खोटं आहे, तरी त्या पाणी पीत नाहीयेत. आम्ही दोघी टाकीपाशी गेलो आणि सगळ्यांसमोर पेलाभर पाणी प्यालो. त्यानंतर मी हा खेळ घेताना सोबत खरं-खोटं तपासायचा तास आधी घेते. पहिल्या वेळी तो नंतर ठेवला होता, ती माझी चूक होती.

भरीतपुरी | रविवार, दुपारी १२:१०

‘कंगव्यात बघा’ आणि ‘तुम्हीच विचार करा’, दोन्हीकडे युक्ती एकच.

नवापूरकर | रविवार, दुपारी १:००

आणि कोंबडीचे ठिपके. ते ठिपके साध्या त्वचेच्या आजाराचे किंवा एडिट केलेले, पण फोटो बघून माणूस स्वतःच निष्कर्ष काढायचा.

तापीकाठचा भाऊ, एक विचारू? तुमच्या गावचा भोंगा कोण वाजवायचा? त्याची बाजू कुणीच लिहिली नाही.

तापीकाठचा | सोमवार, रात्री १०:२०

नवापूरकर, तुमचा प्रश्न वाचून काल संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो होतो. ग्रामपंचायतीचे जुने कर्मचारी, आता निवृत्त. आधी दवंडी पिटायचे, मग माइक आला. मी काका म्हणतो.

काकांनी चिठ्ठ्या ठेवल्यात. चुन्याच्या रिकाम्या डब्यात, रबर लावून. वहीचे फाडलेले कागद, २०२०च्या मार्चपासूनचे, प्रत्येकावर तारीख आणि किती वेळा वाचली त्याच्या रेघा. ‘रेशन उद्या मिळेल.’ ‘बाहेरगावहून आलेल्यांनी शाळेत थांबावं.’ ‘ताप अंगावर काढू नका’वर चौतीस रेघा होत्या. मी मोजल्या. त्यातली एक तरी मोठ्या आईने ऐकलेली असणार.

मग त्यांनी एक वेगळी चिठ्ठी काढली, एप्रिलमधली. तिच्यावर ग्रामपंचायतीचा शिक्का नव्हता. गावातल्या कुणीतरी येऊन हातात दिली होती आणि म्हणाला होता वरून आलीये. तिच्यात होतं की हातगाडीवर भाजी-केळी विकणारे मालाला थुंकी लावतात, त्यांच्याकडून घेऊ नका. नाव कुणाचंच नव्हतं, पण आमच्या गावात हातगाडी घेऊन येणारा एकच जण होता आणि त्याच्या नावावरून कुणाबद्दल आहे ते सगळ्यांना कळत होतं. काकांनी ती वाचली. सवयीने. चिठ्ठी आली की वाचायची, चाळीस वर्षं तेच केलेलं. एक रेघ आहे तिच्यावर.

त्याच रात्री त्यांना झोप लागली नाही. सकाळी कुणालाही न विचारता माइक लावला आणि म्हणाले, काल मी वाचलं ते खोटं होतं, मला वरून कुणी सांगितलं नव्हतं, माझी चूक झाली, त्याच्याकडून माल घ्या. हे त्यांनी पाच दिवस सांगितलं. त्याच्याही रेघा आहेत, चिठ्ठी त्यांच्याच अक्षरातली. त्यावरून त्यांना बोलणीही खावी लागली.

मी विचारलं, मग तो परत आला का गल्लीत? काका म्हणाले, नाही. आता चोपड्याला स्टँडजवळ बसतो. मी बाजाराला गेलो की केळी त्याच्याकडूनच घेतो. तो पैसे घेतो, सुटे परत देतो, माझ्याकडे बघत नाही.

डबा त्यांनी पुन्हा बंद करून कोनाड्यात ठेवला. मी घरी आलो तेव्हा मोटरची लाइट आलेली होती.